एक्सवायअलाइन: बायकांच्या सॅम्पलमधला वाय गेला एकदाचा

आरएनए-सेकच्या (कुठला जीन किती चालतोय ते मोजायची पद्धत) डेटात स्त्री-पुरुष फरक शोधत असाल तर एक्सवायअलाइन हे टूल वापराच. मी काही महिने वापरतेय, आता जुन्या पद्धतीवर परत जाणार नाही.

आधी घोळ काय होता ते सांगते. नेहमीच्या रेफरन्समध्ये (ज्याच्याशी ताडून बघतो तो जीनोम) एक्स-वाय दोन्ही क्रोमोसोम असतात आणि आपण सगळ्या सॅम्पल्सचे रीड्स (वाचलेले छोटे तुकडे) त्याच्यावरच मॅप करतो, म्हणजे त्यांची जागा शोधतो, सॅम्पल बाईचं असलं तरी. पण या दोन्ही क्रोमोसोमच्या टोकांचे पीएआर (स्यूडोऑटोसोमल रीजन) भाग अगदी सारखे आहेत, त्यातला पीएआर१ तर जवळपास २७ लाख बेसचा, मग रीड एक्सचा की वायचा हे अलाइनरला (जागा शोधणाऱ्या प्रोग्रामला) कळणार कसं, तो मॅपिंग क्वालिटी (जागेबद्दलची खात्री) खाली आणतो आणि काउंट करताना असे रीड्स बहुतेक वेळा फेकले जातात. पीएआर१ मधला सीडी९९ सारखा दणकून चालणारा जीन झोपलेला दिसतो! दुसरीकडे एक्सवरचा जीन डीडीएक्स३एक्स आणि त्याचा वायवरचा जोडीदार डीडीएक्स३वाय इतके मिळतेजुळते की बाईच्या सॅम्पलमध्ये वायचे जीन 'चालू' दिसतात. माझ्याच टेबलात दिसले होते, मी बरेच दिवस सॅम्पल अदलाबदल झालीय असं समजून ट्यूबची लेबलं तपासत बसले होते.

एक्सवायअलाइनला रेफरन्स आणि पीएआरची बेड फाइल (जागांची यादी) दिली की दोन रेफरन्स तयार होतात, एकात सगळा वाय एन-एन-एन (एन म्हणजे अज्ञात बेस) करून झाकलेला (एक्सएक्स सॅम्पलसाठी) आणि दुसऱ्यात वायचे फक्त पीएआर झाकलेले (एक्सवायसाठी). पुढे अलाइनर हायसॅट२ असो की स्टार, आपलं नेहमीचंच. बायकांमधला खोटा वाय गायब झाला, पीएआर१ चे काउंट दोघांतही वर आले. पीएआर१ चे जीन पुरुषांत थोडे जास्त चालतात हे माहीत असलेलं आहे, ते माझ्या डेटात पहिल्यांदा नीट दिसलं, खूप बरं वाटलं.

दोन रेफरन्सचे दोन इंडेक्स (अलाइनरची शोधसूची) म्हणजे इंडेक्सची डिस्क आणि तो बनवायचा वेळ दुप्पट, हे धरूनच चाला. आणि सॅम्पल कुठल्या गटात टाकायचं हे फक्त मेटाडेटा (सॅम्पलसोबतची नोंद) बघून ठरवू नका, झिस्ट (दोन एक्सपैकी एक बंद करणारा जीन) आणि वायचे चार-पाच जीन आधी बघा. सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) असेल तर झिस्टवरही विसंबू नका, काही बायकांच्या लाइनमध्ये तो बंद पडलेला असतो, आणि वयस्कर पुरुषांच्या रक्तपेशींत कधी कधी वायच गळलेला असतो.

सॅल्मन किंवा कॅलिस्टोवाल्यांनी (जीनोमऐवजी थेट ट्रान्सक्रिप्टोमवर मोजणारी टूल्स) ट्रान्सक्रिप्टोममध्येही (सगळ्या आरएनए ट्रान्सक्रिप्ट्सचा संच) हेच करायचं, एक्सएक्स सॅम्पलसाठी वायची ट्रान्सक्रिप्ट्स झाकून मग इंडेक्स बनवायचा.