ध्रुवावरच्या लहरी: कॅमेरा की उल्का रडार?

ध्रुवीय मेसोस्फिअरवर, म्हणजे वातावरणाच्या साधारण ५० ते ९० किलोमीटरवरच्या थरावर, काम सुरू करणारी मुलं हमखास विचारतात: तिथल्या हवेतल्या लहरींसाठी अख्खं आभाळ टिपणाऱ्या ऑल-स्काय कॅमेऱ्याचा डेटा घेऊ की उल्का रडारचा? नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ७८ अंश उत्तरेला, मी दोन्ही वापरले. सांगतोय ते तिथल्या अनुभवावरून.

बघताक्षणी मन कॅमेऱ्यावरच जातं. ८७ किलोमीटरवरचा हायड्रॉक्सिल रेणूंचा मंद उजेड (एअरग्लो) आणि त्यात ओल्या वाळूवरच्या वळ्यांसारख्या सरकणाऱ्या रेषा. दोन रेषांत वीसेक किलोमीटर अंतर, दहा मिनिटांत एक पुढे जाते, दुसरी तिच्या जागी येते. गुरुत्व लहर, म्हणजे वर ढकललेली हवा वजनाने खाली-वर होत उठणारी लाट, अशी डोळ्यांनी दिसली की माणूस हरखतोच. रडारमध्ये हे चित्र नाही. उल्कांच्या शेपट्या वाऱ्याने किती वाहिल्या ते रडार मोजतं आणि हाती येते साधारण तासाची सरासरी.

ढग, अरोरा, घुमटावर धरणारं बर्फ हे मी गृहीतच धरलं होतं. चंद्र धरला नव्हता. पन्हाळ्यावर एअरग्लो बघितलेल्या माणसाला वाटतं, चंद्र काय, मावळेल की. डिसेंबरात स्वालबार्डला भर दुपारीही अंधार, म्हणून मी खुशीत होतो. पण तिथला पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र त्या दिवसांत मावळतच नाही. आठवडाभर क्षितिजाच्या वर घिरट्या घालतो. बाहेर उणे वीस, आभाळ काचेसारखं स्वच्छ आणि पडद्यावर नुसता पांढरट धूर. माझे त्या महिन्यातले सगळ्यात निरभ्र दिवस असे गेले.

मला हवी होती १२ तासांची टाइड, म्हणजे सूर्याच्या उष्णतेने वातावरणात येणारी भरती-ओहोटी, आणि पृथ्वीला वेढणारी १६ दिवसांची ग्रहीय लहर तिला कशी कमी-जास्त करते ते. मध्येच आठवड्याचं भगदाड असेल तर १६ दिवसांची लहर कशातून काढायची? स्वालबार्डच्या अ‍ॅडव्हेंटडालेन दरीतलं उल्का रडार २००१ पासून आहे. त्याला ढग अडवत नाहीत, चंद्र नाही, चार महिन्यांचा न मावळणारा सूर्यही नाही. आणि उन्हाळा सोडून कसं चालेल? लहरी फुटून वाऱ्यांना वळवतात म्हणून तर ध्रुवावरचा मेसोपॉज, म्हणजे मेसोस्फिअरचा वरचा काठ, ऐन उन्हाळ्यात सर्वांत थंड असतो, उणे १४० अंशांच्या आसपास. नेमका तेव्हाच कॅमेरा आंधळा.

तुमचा प्रश्न लहरीच्या दिशेचा किंवा तिच्या फुटण्याचा असेल, तर मात्र कॅमेराच घ्या, रडारने ती भूक भागणार नाही. एरवी मी म्हणेन, रडारचा वारा आधी मांडा. मग डिसेंबरातल्या अमावास्येच्या आसपासचे निरभ्र दिवस निवडून चित्रं उघडा. तेव्हा तिथे चंद्र उगवतच नाही.