ट्रेलरवरची जुनी शिडाची होडी घेताना झालेली फसवणूक

ट्रेलरवरून नेता येणारी जुनी शिडाची होडी घ्यायचं कोणाच्या मनात असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. मला ज्याने होडी विकली, त्याने तिच्यात काय बिघडलंय ते पुरतं ठाऊक असूनच विकली. रागाच्या भरात म्हणत नाही. बिघाड जिथे जिथे निघाला, नेमका तिथे तिथेच नवा रंग होता. बाकी सगळीकडे जुना, उन्हाने फिका पडलेला रंग तसाच होता.

अशा होडीचं सगळं सुख तिच्या कीलमध्ये आहे. तळाखाली पाण्यात उतरणारं हे लोखंडी वजन होडीला कलंडू देत नाही, वाऱ्याने बाजूला वाहवतही नेऊ देत नाही. मोठ्या होड्यांत ती कायमची घट्ट बसवलेली असते. या लहान होड्यांत बिजागरीसारख्या एका जाड पिनेवर फिरते आणि विंचने, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या चक्रीने, वर ओढून घेता येते. कॅटालिना २२ ही या प्रकारातली खूप खपलेली होडी. तिची उचलती कील सुमारे २५० किलोची. माझी होडी वेगळ्या कंपनीची, पण रचना तीच. कील वर घेतली की उथळ पाण्यातही जाता येतं, ट्रेलरवर चढवता येतं, आज या तलावात तर पुढच्या सुट्टीत दुसऱ्या किनाऱ्यावर. मोटर बंद करून शीड भरलं आणि होडी एका अंगावर झुकून चालू लागली की जो आनंद होतो, त्यासाठी माणूस बरंच काही सोसतो. विकणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं.

आता डेकबद्दल, म्हणजे ज्यावर आपण चालतो त्या होडीच्या वरच्या भागाबद्दल. अशा बहुतेक होड्यांचं डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा प्लायवुड. फायबरग्लास कुजत नाही, पण आतलं लाकूड कुजतं. पाणी शिरतं ते स्क्रूच्या भोकांतून, कठड्याच्या खांबांच्या बुडातून आणि चेनप्लेटपाशी, म्हणजे डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना बांधतात तिथून. वरून काही दिसत नाही. डेक फक्त पायाखाली किंचित दबतं. मला विकलेल्या होडीत पुढच्या डेकवर वाळू मिसळलेला खरखरीत रंग मारला होता. "पाय घसरू नये म्हणून," असं त्याने सांगितलं. कारण पटण्यासारखं होतं, कारण असा रंग खरंच त्यासाठी मारतात. पण बारीक तडे झाकायलाही त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

पाण्यात उतरल्यावर डोलकाठीच्या तारा ताणल्या, तर पुढच्या फेरीला त्या पुन्हा ढिल्या. पुन्हा ताणल्या, पुन्हा ढिल्या. तारा लांबत नव्हत्या. डोलकाठीचा पायच डेकमध्ये खाली बसत चालला होता. शेवटी पायाची पट्टी काढून भोकात स्क्रूड्रायव्हर घातला, तर आतून काळपट लगदा निघाला, भिजलेल्या भुशासारखा. बोटांनी पिळल्यावर पाणी गळलं. आता वरचा थर कापून, कुजलेलं सगळं खरवडून, नवं लाकूड इपॉक्सीने चिकटवण्यावाचून गत्यंतर नाही.

हे आधी ओळखायला यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेकवर हळूहळू ठोकत जा. धड जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द. चेनप्लेटभोवती, खांबांच्या बुडाशी आणि डोलकाठीच्या पायाशी जास्त वेळ घालवा. रबराची चटई पसरलेली असेल तर ती उचलायला लावा.

कीलच्या बाबतीत त्याने ट्रेलरचा आडोसा घेतला. होडी ट्रेलरवर असते तेव्हा कील ट्रेलरवर टेकलेली, त्यामुळे पिन सैल आहे का, भोक झिजून लांबट झालंय का, काहीच कळत नाही. "इथे खाली सोडता येणार नाही, पाण्यात दाखवतो," म्हणाला, आणि व्यवहार झाल्यावर त्याला सवडच मिळेना. पिन झिजलेली निघाली, विंचची तार कीलला जोडतात तिथे तिचे धागे तुटलेले. ती तार कील वर असताना तुटली, तर एवढं वजन धाडकन खाली आदळतं आणि तळ फुटू शकतो. होडी ट्रेलरवरून पट्ट्यांनी वर उचलून कील खाली सोडून दाखवल्याशिवाय सौदा करू नका. विकणाऱ्याला ते नको असेल, तर तेवढ्यावरच परत फिरा.

पण सर्वांत धोक्याचा ठरला ट्रेलर. होडी बघायला गेलेला माणूस होडीच बघतो, आणि विकणारा त्यावरच विसंबून असतो. "बेअरिंग याच वर्षी बदलली" असं त्याने मला मेसेजमध्ये लिहून दिलं होतं. हबच्या, म्हणजे बेअरिंग जिथे बसतात त्या चाकाच्या मधल्या भागाच्या, टोप्या नव्या होत्या, पुढून ताजं ग्रीसही दिसत होतं. रस्त्यात एका चाकातून जळका वास आला. टोपी काढली, तर पुढचं ग्रीस स्वच्छ आणि त्यामागे बेअरिंगवर तांबूस गंज, रोलरवर खड्डे. लांबून आलेल्या ट्रेलरचा हब तापलेला असतो. तो तसाच थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. वर्षानुवर्षं हेच झालेलं होतं. भर रस्त्यात ते चाक निखळलं असतं, तर जीव माझ्याइतकाच मागून येणाऱ्याचाही गेला असता. याची चीड मला होडीच्या नुकसानापेक्षा जास्त आहे.

टायरही काळ्या पॉलिशने चमकवलेले होते. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२०९ म्हणजे २००९ मधला बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसो, इतकं जुनं रबर कमकुवत झालेलं असतं.

मोटर सुरू करण्याआधी तिच्यावर हात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी ती चालवून ठेवली आहे. गार होऊ द्या आणि मग सुरू करायची दोरी पहिल्यांदा ओढल्यावर काय होतं ते बघा. शिडं पिशवीत घडी घालून दाखवतात, ती पूर्ण उलगडायला लावा.

तक्रार करताना माझ्या कामी आले ते त्याचे लेखी मेसेज. तोंडी बोललेलं सगळं त्याने नाकारलं. बेअरिंगबद्दलचं आणि "डेक ठणठणीत"चं लिखाण नाकारता आलं नाही. त्यामुळे प्रश्न लिहूनच विचारा, उत्तरं लिहूनच घ्या, आणि पावतीवर होडीचा, ट्रेलरचा आणि मोटरचा असे तिन्ही क्रमांक वेगवेगळे, प्रत्यक्ष वस्तूवरून वाचून लिहून घ्या. पैसे देण्याआधी होडीसकट ट्रेलर थोडा वेळ रस्त्यावर ओढून बघा. मग थांबून एकेका हबला हात लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला, तर चाक उतरवून आत काय आहे ते दाखवायला सांगा.