बजेट विमान कंपनी की फुल-सर्व्हिस: बुडाली तर?

सहा महिने आधी तिकीट काढायचं म्हटलं की हा घोळ ठरलेला.

बुडण्याचा धोका बजेटवालीत जास्त. तिकिटामागे नफा नावापुरता. विमानं बहुतेक भाड्याने घेतलेली, ती जमिनीवर अडकली तरी भाडं चालूच. गो फर्स्ट या बजेट कंपनीला इंजिनं मिळेनात, विमानं उभी राहिली आणि मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबली. पण फुल-सर्व्हिसलाही, म्हणजे जेवण-सामान तिकिटातच धरणाऱ्या कंपनीलाही, अमरपट्टा नाही, जेट एअरवेज २०१९ मध्ये बंद पडलीच.

तिकिटाचे पैसे परत मिळण्यात फारसा फरक नाही. दिवाळं निघालं की कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत प्रवासी अगदी मागे. क्रेडिट कार्ड वापरलं असेल तर निदान बँकेकडे दाद मागता येते.

पुढच्या आठवड्याचा, एकट्याचा प्रवास? बजेट, बिनधास्त. कुटुंबाचं, महिनोन्महिने आधीचं बुकिंग असेल तर फुल-सर्व्हिस, तेही कार्डावरच.