‘थम लागत नाही आजी, परत लावा’: आत्याच्या खात्यातून ४३,५०० रुपये कसे गेले

माझी आत्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. सत्तरी ओलांडलेली, एकटी. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये तिच्या जनधन खात्यात येतात. म्हैस विकली तेव्हाचे ४८,००० रुपयेही तिनं त्याच खात्यात ठेवले होते, घरावरचे पत्रे बदलायचे म्हणून. पावसाळ्याच्या तोंडावर पत्र्यांसाठी पैसे काढायला ती तालुक्याच्या शाखेत गेली, तेव्हा खात्यात सहा हजारही शिल्लक नव्हते.

तिनं कुणाला ओटीपी सांगितला नव्हता. कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं, तिच्याकडे स्मार्टफोनच नाही. एटीएम कार्ड तर तिनं कधी वापरलेलंच नाही. हे आधीच सांगते, कारण या प्रकरणात जो भेटला त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला, ‘कुणाला काही सांगितलंत का?’ तिनं फक्त एक केलं. गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेनं नेमलेल्या, पैसे देण्याचं केंद्र चालवणाऱ्या मुलाकडे महिन्याचे पैसे काढायला गेली आणि तो म्हणाला तेव्हा मशीनवर अंगठा ठेवला.

ज्यांच्या घरात असं म्हातारं माणूस गावाकडे एकटं राहतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधारवरून पैसे काढायच्या या सोयीला एईपीएस म्हणतात. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन म्हणजे एनपीसीआय चालवते. पैसे काढायला तीन गोष्टी पुरतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. पिन नाही, ओटीपी नाही, कार्ड नाही. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघते. जिथे पाच-दहा कोसांत बँकेची शाखा नाही तिथे ही सोय खरोखर मोलाची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रक्कम कोण टाकतं? समोर बसलेला माणूस. स्क्रीन कुणाकडे वळलेला असतो? त्याच्याकडेच. अंगठा लावणाऱ्याला आपण कशाला होकार देतोय ते दिसतच नाही. शिल्लक बघायलाही अंगठा, मिनी स्टेटमेंटलाही अंगठा, पैसे काढायलाही अंगठाच. ‘किती आहेत ते बघतो’ म्हणून घेतलेल्या ठशावर १०,००० रुपये काढता येतात आणि आजीला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यात म्हाताऱ्या माणसांची बोटं. आयुष्यभर निंदणी-खुरपणी, कापूस वेचणी, शेणगोठा केलेल्या हातांवरच्या रेषा झिजून जातात. ठसा खरोखरच एका झटक्यात उमटत नाही. रेशनच्या दुकानातही आत्याला दोन-तीनदा अंगठा लावावा लागतो, त्याची तिला सवय झालेली आहे. ही चोरी नेमकी त्या सवयीवर चालते. आत्याच्या शब्दांत सांगायचं तर, ‘त्यानं चार-पाचदा अंगठा घेतला, मंग म्हने सर्व्हर बंद हाये आजी, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेली तं हजार रुपये देल्ले.’ ज्या दिवशी सर्व्हर बंद होता असं तिला सांगण्यात आलं, त्याच दिवशी तिच्या खात्यातून १०,००० रुपये गेले होते.

पासबुक बरेच महिने भरलेलं नव्हतं. गावातल्या केंद्रात छपाईचं मशीन नाही आणि तालुक्याला जायचं म्हणजे एक रोज बुडतो. शाखेतून मागच्या वर्षभराचा खातेउतारा घेतला आणि आत्याच्या शेजारी बसून एकेक नोंद वाचली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण कुठल्या महिन्यात किती घेतले ते तोंडपाठ होतं. पोळ्याला हजार, दिवाळीला दोन हजार, दवाखान्याला पाचशे. तिनं सांगितलेल्या रकमा बाजूला काढल्यावर पाच नोंदी उरल्या: १०,०००, ७,५००, १०,०००, ६,००० आणि पुन्हा १०,०००. एकूण ४३,५०० रुपये.

मेसेज का आले नाहीत? कारण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तिचा नव्हताच. खातं गावातल्या शिबिरात उघडलं होतं, फॉर्म दुसऱ्यांनी भरला, आणि नंबरच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं हे तिला कोण सांगणार? तो नंबर लावून पाहिला तेव्हा तो केंद्र चालवणाऱ्या मुलाच्याच घरात वाजला. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. आत्याच्या पैशांचा प्रत्येक मेसेज, ज्यानं पैसे काढले त्याच्याच घरी जात होता.

शाखेतल्या अधिकाऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं: ‘अंगठा तर तुमचाच आहे, मॅडम. व्यवहार यशस्वी दाखवतोय. आम्ही काय करणार?’ पुढे म्हणाले, ‘आणि एवढे महिने का थांबलात? सात दिवसांत यायला पाहिजे होतं.’ बहुतेक लोक इथूनच परत फिरतात. म्हणून पुढचा भाग जरा सविस्तर लिहिते.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्यात ठरवून दिलं आहे. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, अशा वेळी बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर शून्य भार. चार ते सात दिवसांत केली तर जनधनसारख्या मूलभूत खात्यात जास्तीत जास्त ५,००० रुपयांचा भार. सात दिवसांनंतर त्या बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. अधिकारी दाखवत होते ते याच ओळी. पण हे दिवस मोजायचे ते बँकेची सूचना ग्राहकाला मिळाल्यापासून, आणि आत्याला एकही सूचना मिळालेली नव्हती. शिवाय त्याच परिपत्रकात असंही म्हटलं आहे की फसवणुकीत बँकेचाच हात, निष्काळजीपणा किंवा त्रुटी असेल, तर ग्राहकानं कळवलं असो वा नसो, त्याचा भार शून्य. बँक मित्र हा बँकेनं नेमलेला माणूस असतो आणि त्याच्या कामाची जबाबदारी बँकेवर येते. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं कामही बँकेचंच, आत्याचं नव्हे.

हे सगळं आम्ही अर्जात लिहून दिलं आणि प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतला. तोंडी तक्रारीवर विसंबू नका, शिक्का नसेल तर पुढे कुठेच काही दाखवता येत नाही. प्रत्येक नोंदीसाठी आम्ही चार गोष्टी लेखी मागितल्या: व्यवहाराची वेळ, त्या व्यवहाराची ओळख असलेला १२ अंकी आरआरएन क्रमांक, मशीनचा टर्मिनल आयडी आणि ते मशीन कुठल्या बँकेशी जोडलेलं आहे तिचं नाव.

यातली शेवटची माहिती हाती आली आणि प्रकरण उलगडलं. त्या मुलाच्या केंद्रावर पाटी एका बँकेची होती, पण त्याच्याकडे दुसऱ्या एका कंपनीचं ॲपही होतं आणि ते वेगळ्याच बँकेमार्फत चालायचं. एक १०,००० ची आणि एक ७,५०० ची, अशा दोन नोंदी पाटीवरच्या बँकेच्या मशीनवरच्या होत्या. उरलेले २६,००० रुपये दुसऱ्या ॲपवरून काढले होते. आजीला समोर एकच मुलगा, एकच टेबल, एकच मशीन दिसतं. कागदावर मात्र ते दोन वेगळ्या वाटांचे पैसे ठरतात आणि परत मिळवायचे रस्तेही दोन.

आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे-कुठे वापरलं गेलं याची यादी मिळते. त्यासाठी आधारला आपल्या हाताशी असलेला मोबाइल नंबर जोडलेला लागतो. आधी आधारला माझ्या चुलत भावाचा नंबर जोडून घेतला, मग यादी काढली. ‘सर्व्हर बंद’च्या एका सकाळी काही प्रयत्न फसलेले आणि त्यानंतर एक यशस्वी, अशी नोंद वेळेसकट सापडली. ‘अंगठा लागलाच नव्हता’ हे त्या मुलाचं म्हणणं तिथेच संपलं.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवली, त्याचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज दिला. १९३० चा खरा उपयोग तत्काळ फोन केला तर होतो, म्हणजे पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. रोख निघून गेलेल्या, महिने उलटलेल्या प्रकरणात तो क्रमांक तक्रारीचा पुरावा म्हणूनच जास्त कामी येतो. तरी नोंदवाच. अर्जात ठशाच्या गैरवापराचा स्पष्ट उल्लेख करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी दुसऱ्याची ओळख लबाडीनं वापरण्याबद्दल आहे.

गावात बातमी फुटल्यावर दोन गोष्टी घडल्या. पहिली चांगली. आणखी काही म्हाताऱ्या बायका आपापली पासबुकं घेऊन आत्याच्या ओट्यावर आल्या. त्यांचेही उतारे काढले, आणि तोच टर्मिनल आयडी, तोच ‘सर्व्हर बंद’चा किस्सा पुन्हा पुन्हा निघाला. एकट्या म्हातारीच्या तक्रारीला ‘आजी विसरल्या असतील’ म्हणून बाजूला सारता येतं. सगळ्यांचे उतारे एकत्र ठेवल्यावर तसं म्हणायची सोय राहिली नाही.

दुसरी गोष्ट मात्र नीट वाचा. त्या मुलाकडचे लोक घरी आले. ‘आपल्याच गावचं पोर आहे, त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे, पैसे हप्त्यानं देतो, मिटवून घ्या.’ सोबत शंभराचा स्टॅम्पपेपर लिहूनच आणला होता. त्यावर मजकूर असा, की ‘मी सदर रक्कम हातउसनी घेतली असून ती परत करीन.’ आत्या अंगठा लावायला तयार झाली होती, कारण शेजार मोडायची तिला भीती. चुलत भावानं कागद वाचला म्हणून वाचलो. हातउसने लिहिलं की चोरीचं कर्ज होतं. बँक म्हणते, तुमच्या आपसातला व्यवहार आहे. पोलीस म्हणतात, दिवाणी मामला आहे. तो पैसे परत देत असेल तर बँकेमार्फत, खात्यात देऊ दे. असल्या कागदावर सही किंवा अंगठा कुणालाही देऊ देऊ नका, मग कागद घेऊन येणारा सख्खा नातेवाईक का असेना.

बँकेनं सुरुवातीला लेखी उत्तरच दिलं नाही. परिपत्रकाप्रमाणे तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं असतं. तीस दिवस उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आम्ही तसं स्मरणपत्र दिल्यावर शाखेचा सूर बदलला आणि १७,५०० रुपये आत्याच्या खात्यात आले.

आता सावधगिरीचं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून ते केलं की बोट, डोळा, चेहरा काहीच चालत नाही. पश्चिम बंगालमध्ये २०२३ साली जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून असे पैसे काढल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा पोलिसांनी लोकांना हेच सांगितलं होतं. शहरात राहणाऱ्या, पेन्शन एटीएमनं काढणाऱ्या आई-वडिलांचं आजच लॉक करून टाका, एरवी त्यांना त्याची फारशी अडचण होणार नाही. आत्यासारख्यांचं तसं नाही. रेशनला अंगठा लागतो, पैसे काढायला अंगठा लागतो, आणि दर वेळी उघडून द्यायला घरात फोन चालवणारं कुणी नसतं. तिच्यासाठी आम्ही दुसरा मार्ग काढला. अनुदानाचं खातं तसंच ठेवलं, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवायचे. साठवणीचे पैसे वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्यावर आधारनं पैसे काढायची सोय बंद ठेवावी असा लेखी अर्ज शाखेत दिला. नुसतं दुसरं खातं उघडून भागत नाही, कारण ज्या ज्या बँकेत आधार जोडलं आहे तिचं नाव मशीनवर निवडता येतं.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पासबुक भरून आणा आणि शाखेत विचारा, की या खात्याला कुठला मोबाइल नंबर जोडला आहे. शेवटचे चार आकडे सांगा म्हणावं. तो घरातल्या कुणाचा नसेल तर त्याच दिवशी बदलून घ्या. आणि अंगठा लागला नाही असं सांगितलं तरी व्यवहार फसल्याची पावती मागायला शिकवा. आत्या आता मागते. नव्या केंद्रावरची मुलगी स्क्रीन वळवून दाखवते, रक्कम मोठ्यानं वाचते, मग आत्या अंगठा ठेवते.

२६,००० रुपयांचं प्रकरण अजून सुटलेलं नाही. दुसऱ्या बँकेनं ‘व्यवहार ग्राहकाच्या ठशानं झाला’ एवढं एका ओळीचं उत्तर पाठवलं. तेच उत्तर, आधारच्या नोंदींची छापील प्रत आणि बाकीच्या आज्यांचे उतारे जोडून आम्ही लोकपालाकडे तक्रार दाखल केली आहे.