रोल की कार्ड? खानदेशच्या उन्हात निकॉन एफएम१० आणि डी३५००

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात असतो. पावसाळ्यात कपाटं दमट होतात आणि दिवाळीनंतर जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाची रुई उडत असते. कॅमेऱ्याचा खरा कस या तीन गोष्टींत लागतो. फिल्म आणि डिजिटलची आकड्यांची तुलना कुठेही वाचायला मिळेल, ही तुलना खानदेशातल्या वापराची आहे.

त्यासाठी निकॉनचेच दोन कॅमेरे घेतले, कारण दोघांचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, एकच आहे आणि काही लेन्स दोन्हींवर चालतात. एफएम१० हा १९९५ साली आलेला, कोसिना कंपनीने निकॉनसाठी बनवलेला पूर्ण मॅन्युअल फिल्म कॅमेरा. डी३५०० हा २०१८ चा, २४.२ मेगापिक्सेलचा, नव्याने शिकणाऱ्यांसाठी काढलेला डीएसएलआर. दोन्ही आता नवीन बनत नाहीत, जुन्या बाजारातच मिळतात. वजनही जवळजवळ सारखंच, सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास.

आधी दुपारचं ऊन. फिल्मवाल्यांचा जुना हिशेब असा: लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ ठेवायचं (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि शटरचा वेग रोलच्या आयएसओच्या, म्हणजे प्रकाश टिपण्याच्या क्षमतेच्या आकड्याच्या, जवळपास. म्हणजे २०० च्या रोलला १/२५०. एफएम१० चं शटर १/२००० पर्यंत जातं. त्यामुळे ४०० चा रोल भरून दुपारी बाहेर पडलात तर एफ/८ च्या पुढे लेन्स उघडताच येत नाही, मागची गर्दी धूसर करायचा विषयच संपतो. डी३५०० आयएसओ १०० वर आणि १/४००० शटरला त्याच उन्हात एफ/२.८ पर्यंत सहज उघडतो. खानदेशात उन्हाळ्यात फिल्मवर काम करायचं तर १०० किंवा २०० चाच रोल भरा.

पण ऊन-सावलीच्या फरकात फिल्म पुढे निघून जाते. रावेर-यावलकडचं एक नेहमीचं दृश्य घ्या: केळीच्या बागेच्या बांधावर उभा शेतकरी, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा, टोपीखाली चेहरा काळोखात. डिजिटलमध्ये चेहऱ्यावर एक्सपोजर घेतलं की टोपी पांढराफटक डाग होते आणि तिची घडी, शिवण काही परत येत नाही. कलर निगेटिव्ह दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) जास्त प्रकाश सहज पचवते, टोपीची शिवण निगेटिव्हमध्ये शिल्लक राहते. म्हणून दोघांची पद्धत उलटी आहे. फिल्मवर सावलीसाठी मोजा: २०० च्या रोलला आयएसओचा डायल १०० वर ठेवा आणि कॅमेरा चेहऱ्याजवळ नेऊन त्याच्या मीटरने प्रकाश मोजा. एफएम१० चं मीटर मधल्या भागाला जास्त वजन देतं. समोर पांढरा सदरा आला की ते फसतं आणि फोटो काळा येतो. जवळ जाता येत नसेल तर त्याच सावलीत स्वतःचा तळहात धरून मोजा आणि एक स्टॉप उघडा. डिजिटलवर मात्र टोपी वाचवा: एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७, फाइल रॉमध्ये (सेन्सरची कच्ची, नंतर सुधारता येणारी फाइल), आणि चेहरा नंतर संगणकावर दीड स्टॉप उचला. डी३५०० चा सेन्सर एवढं उचलणं सहन करतो, आयएसओ १०० वर दाणे जवळजवळ दिसत नाहीत. मागच्या स्क्रीनवर भिस्त ठेवू नका. भर उन्हात स्क्रीन अंधारी दिसते आणि माणूस नकळत फोटो जास्त उजळ करत जातो. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, बघा, उजवीकडची भिंत मोकळी असली पाहिजे.

केळीच्या बागेत आणखी एक अडचण येते, ती बाहेरच्या फोटोग्राफरला ठाऊक नसते. पानांतून गाळून आलेला प्रकाश हिरवा असतो आणि चेहऱ्यावर तीच झाक बसते. रॉ फाइलमध्ये टिंट मॅजेंटाकडे सरकवला की सुटते. फिल्मच्या स्कॅनमध्येही थोडी निघते, पण चेहरा सुधारायला गेलं की पानं तपकिरी पडतात. साधा उपाय म्हणजे माणसाला बागेच्या कडेला आणा आणि समोर पांढरं धोतर किंवा चादर धरा.

आता उष्णता. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये, डबीसकट, बंद प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. वापरायच्या आधी दीड-दोन तास बाहेर काढून ठेवा आणि मगच डबी उघडा, नाहीतर फिल्मवर दव धरतं. गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिलेल्या रोलचे रंग सरकतात आणि सावल्या मळकट होतात, धुताना ते दुरुस्त होत नाही. भरलेला रोलही महिनोन् महिने कॅमेऱ्यात ठेवू नका. डी३५०० ला उन्हात बंद पडण्याचा त्रास फारसा नाही, पण तापलेल्या सेन्सरवर रात्री मिनिट-दोन मिनिटांचं एक्सपोजर दिलं की रंगीत ठिपके उमटतात. मेनूतलं नॉइज रिडक्शन सुरू केलं तर ते निघतात, पण कॅमेरा तेवढाच वेळ आणखी घेतो. तोरणमाळला तारे टिपताना दोन मिनिटांच्या फोटोला चार मिनिटं धरून चाला.

बुरशीसाठी लोक पावसाळ्याला दोष देतात. खानदेशात दुसरा गुन्हेगार घरातला कूलर आहे. पाण्याचा कूलर दिवसरात्र चालतो त्या खोलीची हवा मे महिन्यातही दमट असते आणि कॅमेऱ्याची बॅग नेमकी तिथेच, पलंगाखाली पडलेली असते. हवाबंद झाकणाचा मोठा डबा घ्या, त्यात पावशेर सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरा. कातडी केसमध्ये लेन्स कधीही साठवू नका, कातडं ओल धरून ठेवतं.

धुळीच्या बाबतीत डी३५०० मध्ये मोठी उणीव आहे: सेन्सर हलवून धूळ झाडायची सोय निकॉनने या मॉडेलमध्ये ठेवलेलीच नाही. जिनिंगच्या आवारात किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लेन्स बदललीत तर डाग येणारच. तपासायला एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा. डाग दिसले तर मिरर लॉक-अप करून (मेनूतून आतला आरसा वर अडकवून) कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरने वारा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब धुळीपेक्षा वाईट. फिल्मला दर फ्रेमला नवा पृष्ठभाग मिळतो, त्यामुळे सेन्सरसारखा कायमचा डाग राहत नाही. मात्र रोलच्या डबीच्या मखमली तोंडात वाळूचा एक कण अडकला तर पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्यापर्यंत सरळ रेघ उमटते. रोल बदलताना सावलीत, वाऱ्याकडे पाठ करून बसा.

रोल भरताना होणारी चूक सगळ्यात महागात पडते. फिल्मचं टोक टेक-अप स्पूलमध्ये (फिल्म गुंडाळून घेणाऱ्या रिळात) घाला, लिव्हर एकदा ओढा आणि वरची-खालची दोन्ही भोकं दात्यांत बसलेली डोळ्यांनी बघा. मग मागचं दार लावा, रिवाइंडची मूठ हलक्या हाताने फिरवून ढिलाई काढा आणि दोन फ्रेम रिकाम्या मारा. लिव्हर ओढताना रिवाइंडची मूठ उलटी फिरली पाहिजे. फिरली नाही तर फिल्म जागची हललेली नाही, काउंटर मात्र पुढे जात राहतो. काउंटर ३८-३९ दाखवत असेल आणि लिव्हर तरी अडत नसेल, तर रोल जवळपास नक्की कोरा आहे.

धुलाईचा भाग खानदेशात अगदी वेगळा होतो. कलर रोलची सी-४१ प्रक्रिया ३८ अंशांवर होते, डेव्हलपरमध्ये ३ मिनिटं १५ सेकंद. थंड हवेच्या गावात त्यासाठी हीटर लागतो. इथे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी दुपारी तेवढं तापलेलं असतं, थर्मामीटर लावून थोडं खाली-वर केलं की झालं. ब्लॅक अँड व्हाइटला उलट संकट. एचपी५ हा ब्लॅक अँड व्हाइट रोल डी-७६ या डेव्हलपरमध्ये एकास एक पाणी घालून २० अंशांना ११ मिनिटं धुवायचा असतो, आणि मे महिन्यात माठातलं पाणीसुद्धा २० पर्यंत उतरत नाही. टबात बर्फाच्या पिशव्या टाकून डेव्हलपर, फिक्सर आणि धुवायचं पाणी या सगळ्यांच्या बाटल्या एकत्र ठेवा. फक्त डेव्हलपर थंड आणि धुवायचं पाणी ३५ अंशांचं असं झालं तर फुगलेला थर मऊ पडतो आणि नख लागलं तरी ओरखडा उमटतो. २४ अंशांपर्यंतच उतरलं तर वेळ साडेसात-आठ मिनिटांवर आणा. त्यापेक्षा गरम डेव्हलपरमध्ये फिल्म घालू नका, वेळ इतका कमी होतो की धुलाई असमान होते. पहिले दहा सेकंद टँक चारदा उलटा करा, नंतर दर मिनिटाला तसंच. फिक्सर पाच मिनिटं. शेवटचं पाणी बोअरचं नको. जड पाण्यातला चुना निगेटिव्हवर पांढऱ्या ठिपक्यांनी वाळतो आणि स्कॅनमध्ये ताऱ्यांसारखा दिसतो. बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी वापरा, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता ओघळून जावं म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन-तीन थेंब.

घरी धुवायचं नसेल तर रोल मुंबई-पुण्याला कुरिअरने पाठवावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक कलर लॅब आता कार्डवरून प्रिंट काढतात. रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर यांची बेरीज करून ३६ ने भागा. बेरीज दीड हजार आली तर प्रत्येक फ्रेम ४२ रुपयांना पडते. लग्नाचं काम घेणाऱ्याने म्हणूनच फिल्मच्या वाटेला जाऊ नये. डी३५०० एका चार्जवर निकॉनच्या मोजणीनुसार १५५० फोटो देतो, हळदीपासून पाठवणीपर्यंत एक जास्तीची बॅटरी पुष्कळ झाली. ६००० × ४००० ची फाइल १२ × १८ च्या अल्बमवर दर इंचाला ३३३ ठिपके देते. लॅबचा स्कॅन ३००० × २००० चा असेल तर त्याच पानावर १६७ उरतात. ४ × ६ च्या प्रिंटवर हा फरक दिसत नाही, अल्बमच्या पानभर फोटोत दिसतो. अजिंठ्यातही डिजिटलच न्या. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आणि आयएसओ ३२०० वर हातात धरून काम करायची सोय ४०० च्या रोलमध्ये नाही.

एफएम१० चं स्थान वेगळं आहे. टेबलावर मांडलेली वस्तू, खिडकीच्या उजेडातलं व्यक्तिचित्र, म्हणजे जिथे प्रकाश आपल्या हातात आहे आणि घाई नाही, तिथे तो फार सुंदर काम देतो. टेबल टॉप छायाचित्रणासाठी ओळखले जाणारे केकी मूस आपल्या चाळीसगावचेच. मांडणी आणि प्रकाशावर किती वेळ द्यायचा असतो हे त्यांच्या कामापुढे उभं राहिलं की समजतं. शिकणाऱ्यालाही एफएम१० चांगला: मीटरसाठी एलआर४४ चे दोन सेल लागतात, पण ते संपले तरी शटर चालतंच.

दोन्ही बॉडी ठेवायच्या असतील तर ५० एमएम एफ/१.८ लेन्स ‘डी’ प्रकारची घ्या, ‘जी’ प्रकारची नको. डी लेन्सला अॅपर्चरची रिंग असते, एफएम१० वर ती पूर्ण चालते. डी३५०० वर रिंग २२ ला लॉक करा, नाहीतर एरर दाखवून शटर अडतं. या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे फोकस हाताने. फाइंडरमधला हिरवा ठिपका स्थिर झाला की जमला. उलट डी३५०० सोबत येणारी १८-५५ एफएम१० वर निरुपयोगी, तिला रिंगच नाही. एफएम१० सोबतची ३५-७० लेन्स डी३५०० वर बसते, पण मीटर चालत नाही. एम (मॅन्युअल) मोडवर फोटो काढून हिस्टोग्राम बघत जुळवावं लागतं.

जुना एफएम१० घेताना मागचं दार उघडा आणि काठाच्या काळ्या फोमला काडी लावून बघा. चिकट लागला तर फोम मेलाय, आत उजेड शिरून कलर फोटोंवर भगवे पट्टे येतील. आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून नवा लावणं तासाभराचं काम, तेवढी किंमत कमी करून मागा. शटर एक सेकंदावर आणि १/२००० वर मारा. दार उघडं ठेवून उजेडाकडे धरलं तर १/२००० ला पूर्ण चौकट क्षणभर उजळलेली दिसली पाहिजे, अर्धी काळी राहिली तर सोडून द्या. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. डी३५०० घेताना विकणाऱ्याकडून ताजी जेपीईजी मागून शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, तपासा आणि बॅटरी काढून बघा. खाचेतून सहज निघत नसेल तर ती उन्हात फुगलेली आहे, नव्या बॅटरीचे पैसे किमतीत धरा.