लॉगरोटेट की मल्टिलॉग?

प्रोग्रॅम चालताना आपल्या नोंदी ओळीओळीनं फाइलमध्ये लिहितो, तो त्याचा लॉग. या फाइली वाढून डिस्क भरू नये म्हणून त्या बदलणारी आणि जुन्या काढणारी दोन साधनं म्हणजे लॉगरोटेट आणि मल्टिलॉग. लॉगरोटेट बहुतेक लिनक्स सर्व्हरवर आधीच बसलेलं असतं, त्यामुळे बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. मीही काही वर्षं तेच वापरलं. आता स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमचे लॉग मात्र मी मल्टिलॉगकडे सोपवतो.

मुळातला फरक असा: लॉगरोटेट मागाहून येतं, मल्टिलॉग मधे बसतं. प्रोग्रॅम आपली फाइल भरत राहतो आणि लॉगरोटेट सहसा दिवसातून एकदा येऊन ती बाजूला सारतं, कॉम्प्रेस करतं, सगळ्यात जुनी उडवतं. डी. जे. बर्नस्टाइन यांच्या डेमनटूल्स या साधनसंचातल्या मल्टिलॉगला प्रोग्रॅमचं आउटपुट पाइपमधून, म्हणजे एकाचं आउटपुट दुसऱ्याला पोचवणाऱ्या जोडणीतून, थेट मिळतं. फाइल तेच उघडतं आणि भरली की तेच बदलतं.

माझं मन फिरलं ते एका रात्री. डिस्क भरली होती. डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ १०० टक्के दाखवत होतं आणि फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज त्याच्या निम्मीही होत नव्हती. उघड्या फाइलींची यादी देणारं एलएसओएफ चालवलं तेव्हा एका ओळीच्या शेवटी ‘डिलीटेड’ दिसलं. लॉगरोटेटनं फाइल कॉम्प्रेस करून मूळ काढून टाकली होती, पण प्रोग्रॅमनं ती उघडी धरून ठेवली होती आणि तिच्यातच लिहिणं चालू होतं, त्यामुळे जागा सुटत नव्हती. सिग्नल मिळाल्यावर नवी फाइल उघडणारे प्रोग्रॅम असतात. माझा तसा नव्हता.

मग लॉगरोटेटचा कॉपीट्रंकेट हा पर्याय लावला. यात आधी प्रत निघते, मग मूळ फाइल रिकामी होते, आणि या दोन्हींच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी जाऊ शकतात. मॅन्युअलच तसं सांगतं. शिवाय माझा प्रोग्रॅम फाइल अपेंड मोडमध्ये, म्हणजे दर वेळी फाइलच्या शेवटीच लिहिलं जाईल अशी, उघडत नव्हता. त्यामुळे फाइल रिकामी केल्यावरही तो जुन्याच जागेपासून पुढे लिहायचा. फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएसमध्ये फाइल परत पहिल्याएवढीच मोठी, आत सुरुवातीला नुसते शून्य बाइट, आणि मजकूर शोधणारं ग्रेप तिला बायनरी समजून ओळी दाखवेना. आकाराची मर्यादा घातली होती, पण ती लॉगरोटेट चालेल तेव्हाच तपासली जाते. मधल्या काळात फाइल कितीही फुगू शकते.

मल्टिलॉगला मी १६ एमबीच्या २० फाइली दिल्या आहेत. जुने लॉग जेमतेम ३२० एमबीत बसतात आणि त्या फोल्डरची काळजी मिटली. मात्र हे आकडे स्वतः द्यायलाच हवेत. नाही दिले तर ते ९९,९९९ बाइटच्या १० फाइली धरतं, आणि बडबड्या प्रोग्रॅमचा सकाळचा लॉग दुपारी सापडत नाही. डिस्क भरली तर ते ओळ टाकून देत नाही, थांबून पुन्हा प्रयत्न करतं. पण तोवर पाइप भरला की प्रोग्रॅमही अडतो. मला ते चालतं, कुणाला चालणार नाही.

त्याच्या वेळेच्या शिक्क्यांचा मात्र मलाही त्रास होतो. @ नंतरची ती २४ अक्षरं माणसाला वाचता येत नाहीत, ती स्थानिक वेळेत बदलणाऱ्या टीएआय६४एनलोकलमधून काढावीच लागतात. रनिट या दुसऱ्या साधनसंचातलं एसव्हीलॉगडी याच घडणीचं आहे आणि वाचण्याजोगी वेळ लिहू शकतं, पण यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. पहाटे अडीचला बिघडलेलं आदल्या तारखेच्या २१:०० वाजता शोधायचं, हे मला झोपेत जमत नाही.

‘मंगळवारचा लॉग द्या’ असं कुणी मागत असेल तर तारखेवारी फाइली ठेवणारं लॉगरोटेटच बरं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरसाठी मीही तेच ठेवलंय, कारण त्याला फाइल पुन्हा उघडायला सांगता येतं. पण प्रोग्रॅम तुमचा असेल आणि फाइलऐवजी स्टँडर्ड आउटपुटवर (जे पाइपमध्ये जातं) लिहू शकत असेल, तर आधी मल्टिलॉग लावून बघा. माझ्याकडे त्यासाठी फाइल उघडणाऱ्या चार ओळी काढाव्या लागल्या, आणि लॉगरोटेटची त्या प्रोग्रॅमची सेटिंगही काढून टाकता आली.