काळं-सोनेरी बाथरूम : 14 महिने वापरल्यानंतर

दिसायला अजूनही एक नंबर आहे, हे आधीच सांगून टाकते. पाहुणे हात धुवायला म्हणून आत जातात आणि पाच मिनिटं बाहेरच येत नाहीत, फोटो काढत बसतात. पण फोटो काढणारा पाहुणा वेगळा आणि रोज सकाळी पावणेसातला गाऊन खोचून वायपर मारणारी मी वेगळी, त्यामुळे हा अनुभव वायपरच्या बाजूने लिहितेय असं समजा.

आमचा फ्लॅट पुण्यात वाघोलीत, बेडरूमला लागून असलेलं बाथरूम 7 बाय 5 फुटांचं. बिल्डरच्या बेज टाइल्स 12 वर्षं बघून कंटाळा आला होता. माझ्या डोक्यात होती आईची चंद्रकळा साडी, काळी आणि सोनेरी जरीचे काठ, लहानपणापासून संक्रांतीला बघितलेली. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अंघोळीच्या जागी कुणी काळं करतं का गं? मी म्हटलं, आई, संक्रांतीला चालतं की. त्या म्हणाल्या, संक्रांत एका दिवसाची असते. तेव्हा हसले होते. आता कळतंय.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी काम संपलं, म्हणजे दोन उन्हाळे आणि एक पावसाळा बघून झालाय.

आधी टाइल्स. पोर्टोरो नावाचा इटलीचा काळा मार्बल असतो, त्यात सोनेरी शिरा असतात, त्याची प्रिंट असलेली मोरबीची टाइल घेतली, 2 बाय 4 फुटांची, चकचकीत. दुकानात एक टाइल उभी करून दाखवतात आणि आपण फिदा होतो. पण ही प्रिंट असते, शिरांची डिझाइन ठरावीक चार-पाचच असतात, त्याला ते फेस म्हणतात, आणि मिस्त्रीने लक्ष दिलं नाही तर सारख्या फेसच्या दोन टाइल्स शेजारीशेजारी येतात. आमच्याकडे बेसिनच्या वर नेमकं तेच झालंय. एकच वाकडी सोनेरी शीर, तिच्यातून फुटलेला एकच फाटा, दोन फुटांच्या अंतरावर दोनदा. चौदा महिने रोज दात घासताना मला तेच दिसतं, नवऱ्याला मी दाखवेपर्यंत दिसलं नव्हतं आणि आता त्यालाही तेच दिसतं. लावायच्या आधी सगळ्या टाइल्स हॉलमध्ये पसरून नंबर टाकून घ्या, मिस्त्री कुरकुर करेल, करू दे.

दुसरं म्हणजे ही टाइल वरून काळी, आतून पांढरट. कोपऱ्याला 45 अंशात कापून जोडली की जरा कुठे टवका उडाला तरी काळ्यावर पांढरा ठिपका चमकतो. आमचे दोन टवके आहेत, एक बादली आपटून, एक कुणी केला ते अजून कळलेलं नाही. कोपऱ्यांना सोनेरी स्टीलची पट्टी मारायची सूचना मिस्त्रीनेच केली होती, मला ती हॉटेलसारखी वाटली म्हणून नको म्हटलं. त्याचं ऐकायला हवं होतं.

ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरायचा मसाला, त्याच्या बाबतीत मात्र हट्ट केला ते बरं झालं. मिस्त्री म्हणत होता, ताई साध्या ग्राउटमध्ये काळा कलर टाकून मारू. शेजाऱ्यांकडे तसं केलेलं मी बघितलं होतं, सहा महिन्यांत राखाडी झालं आणि मधेमधे पांढरं फुललं. आम्ही काळा एपॉक्सी, म्हणजे रेझिनचा, ग्राउट घेतला, महाग पडतो आणि लावायला कटकट, कारण भरला की लगेच पुसावा लागतो, नाहीतर टाइलवर धुक्यासारखा थर राहतो आणि सुकल्यावर तो निघता निघत नाही. आमच्या एका भिंतीवर खाली तसं धुकं आहेच, पण सांधे आजही पहिल्या दिवसासारखे काळे. त्यात सोनेरी चमकी घालून मिळते, तीही दाखवली होती, तेवढं मात्र नको म्हटलं, बाथरूम आहे, लग्नाचा हॉल नाही.

आता सोनं.

इथे सगळ्यात जास्त फसायला होतं कारण दुकानात सगळंच सोनेरी सारखं दिसतं. आम्ही बेसिनचा नळ, डायव्हर्टर (पाणी शॉवरला सोडायचं की नळाला ते ठरवणारी चावी) आणि शॉवर पीव्हीडी फिनिशचे घेतले. पीव्हीडी म्हणजे हवा काढून घेतलेल्या चेंबरमध्ये धातूची वाफ करून तिचा अगदी पातळ थर नळावर बसवतात, सोनेरी रंगाला बहुतेक टायटॅनियम किंवा झिर्कोनियमचं नायट्राइड असतं, म्हणजे सोनं औषधालाही नाही, पण हा थर भयंकर कडक असतो. दुसरा स्वस्तातला प्रकार म्हणजे सोनेरी लॅकर किंवा रंग, वरून मारलेला. बजेट संपत आलं म्हणून टॉवेल रिंग, साबणाची जाळी, कमोडजवळचा जेट स्प्रे आणि दोन अँगल कॉक (भिंतीतून पाणी येतं तिथल्या छोट्या तोट्या) मी ऑनलाइन स्वस्तात मागवले, फोटोत अगदी मॅचिंग होते.

जेट स्प्रेचा रंग चौथ्या महिन्यात जायला लागला. आधी जिथे अंगठा लागतो तिथे पिवळा फिका झाला, मग नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि खाली साधं पांढरट क्रोम. टॉवेल रिंग सातव्या महिन्यात गेली. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की फिनिशला वॉरंटी नसते, फक्त गळतीला असते. म्हणजे रंग गेला तरी पाणी गळत नाहीये ना, मग खूश राहा. बदलून घ्यायला पुन्हा साडेचार हजार गेले. पीव्हीडीच्या तिन्ही वस्तूंना मात्र आजवर काहीही झालेलं नाही, मन लावून शोधलं तर शॉवरच्या मागे एक ओरखडा सापडेल.

अजून एक. एकाच कंपनीचं सगळं घ्या, कारण सोनेरी रंग सोळा प्रकारचे असतात. आमचा शॉवर लालसर, काचेच्या पार्टिशनचे बिजागर पिवळेधमक आणि आरशाची फ्रेम पितळी. शेजारी शेजारी ठेवल्यावर नवीन दागिना आणि पिढीजात दागिना घालून बसल्यासारखं दिसतं.

आता मुख्य दुखणं, पाणी. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर, महापालिकेचं पाणी नावाला. आईकडे सदाशिव पेठेत खडकवासला धरणाचं पाणी, तिच्या 20 वर्षं जुन्या नळावर बोट फिरवलं तर गुळगुळीत. आमच्याकडे गीझरच्या कॉइलवर आठ महिन्यांत शंकरपाळ्यासारखे तुकडे जमतात. टेस्ट किट आणून मोजलं तर मार्चमध्ये टँकरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर आला. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात मर्यादा 200 आहे, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आणि हो, टीडीएस मीटर घेऊन फिरू नका, तो पाण्यात एकूण काय काय विरघळलंय ते सांगतो, क्षार किती बसणार हे त्यावरून कळत नाही.

काळ्या चकचकीत टाइलवर एक थेंब वाळताना नीट बघा. मधे काही राहत नाही, कडेला बारीक पांढरी गोल रेघ राहते. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थेंब, तिसऱ्या दिवशी तिसरा, आणि आठ दिवसांत कमरेपासून खालची भिंत कुणी रांगोळीची चिमूट उडवल्यासारखी. गरम पाण्याचं अजून वाईट, कारण पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुन्यासारखा कार्बोनेट मागे बसतो. गंमत म्हणजे बेज टाइल्सवर हेच सगळं 12 वर्षं बसत होतं, फक्त दिसत नव्हतं. त्या बाथरूमला आम्ही स्वच्छ म्हणायचो.

पहिल्या दोन महिन्यांत मी सगळं करून बघितलं. शेवटी टिकलं ते हे, प्रत्येकाने अंघोळ झाली की वायपर मारायचा, वरून खाली, 40 सेकंद, मग नळांना मायक्रोफायबरचं फडकं. आणि रविवारी लिंबूसत्त्व, आपण ढोकळ्यात घालतो तेच, अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे, स्प्रेच्या बाटलीत भरून टाइलवर मारायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. नळावर मी ते सरळ मारत नाही, ओल्या फडक्यावर घेऊन पुसते आणि लगेच धुते. तारेची घासणी बाथरूमच्या दाराच्या आत यायला बंदी.

लिंबूसत्त्वाचाही एक किस्सा आहे. भिंतीत शॅम्पू ठेवायला कोनाडा केलाय, त्याच्या तळाला मिस्त्रीने उरलेला कडप्पा पॉलिश करून बसवला, काळ्यात काळा, फुकटात काम झालं म्हणून मी खूश. पहिल्याच रविवारी स्प्रे मारला, पाच मिनिटांनी पुसला तर कडप्प्यावर फेसाच्या आकाराचा भुरकट डाग, जाईच ना, मी अजून घासतेय आणि अजून भुरका होतोय. मग डोक्यात प्रकाश पडला की कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, जो चुना मी टाइलवरून काढायला निघाले होते तोच हा. आंबट लागलं की पॉलिश खलास. लहानपणी आईच्या ओट्यावर लिंबू कापून ठेवलं की ती का ओरडायची ते पस्तिसाव्या वर्षी कळलं. आता तिथे ग्रॅनाइटचा तुकडा बसवलाय.

कामाला येणाऱ्या मावशींना पण सांगून ठेवलंय की कमोडचं ॲसिड कमोडच्या बाहेर एक थेंबसुद्धा नको. एकदा त्यांनी प्रेमाने जमीन चकाचक केली होती आणि शिंतोडे उडून जमिनीजवळच्या अँगल कॉकवर हिरवट ठिपके आले. त्यांची चूक नाही म्हणा, इतकी वर्षं सगळीकडे तेच करत आल्यात. मावशींचं या बाथरूमबद्दलचं मत एका वाक्यात आहे, वहिनी, मंगळसूत्र रोज कोण घासतं?

उन्हाळ्यानंतर आम्ही बाथरूमच्या लाइनवर छोटा सॉफ्टनर बसवला, मिठाने धुवायचा असतो तो. फरक आहे, पण दुकानदार सांगतो तेवढा नाही. डाग पडतातच, कारण कॅल्शियम जाऊन त्याच्या जागी सोडियम येतं, पाण्यातलं मीठ काही कमी होत नाही. मात्र हा डाग ओल्या फडक्याने सहज निघतो, दगडासारखा चिकटून बसत नाही. दर आठवड्याला मीठ घालायचं काम नवऱ्याकडे दिलंय आणि तो विसरला की मला तिसऱ्या दिवशी भिंतीवर कळतं.

उजेडाचं कुणी आधी सांगितलं नव्हतं. जुन्या बाथरूमला एक 12 वॅटचा दिवा भरपूर व्हायचा. काळ्या भिंती उजेड पिऊन टाकतात, पहिल्या दिवशी दिवा लावला तर गुहेत आल्यासारखं झालं. आता वर तीन स्पॉट आणि आरशाला वेगळी लाइट. त्यातही आधी 6500 केल्विनचे पांढरे दिवे लावले तर सोनं अगदी आजारी, हिरवट दिसायला लागलं. 3000 चे पिवळसर लावले आणि सोनं सोन्यासारखं झालं. नवरा म्हणतो दाढीला पांढराच बरा, म्हणून आरशाची लाइट 4000 ची आहे, तडजोड.

बाकी बारीकसारीक. डास काळ्या भिंतीवर बसला की दिसत नाही, चावल्यावरच कळतं. आपले काळे केस दिसत नाहीत हे सुख आहे, सासूबाईंचे पांढरे दिसतात आणि त्यावरून बोलायचं नसतं. काचेच्या कडेला काळं सिलिकॉन मारलं होतं, त्यातली बुरशी दिसली नाही, वासावरून सापडली. कमोड पांढराच ठेवला, काळा महागही होता आणि त्यात क्षाराची रेघ दिसली असती ती वेगळीच.

जमीन मात्र काळी केली नाही आणि यासाठी मी स्वतःची पाठ थोपटून घेते. सासऱ्यांचं वय 74, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. काळ्या जमिनीवर काळी पायरी त्यांना दिसणार कशी? फिकट राखाडी, खरखरीत, एक बाय एक फुटाच्या टाइल्स घेतल्या आणि शॉवरच्या उंबऱ्यावर सोनेरी पट्टी मारली. ते म्हणतात पट्टी दिसली की पाय उचलायचा. पूर्ण बाथरूममधली ती सर्वात उपयोगी सोनेरी वस्तू आहे.

खर्च सगळा मिळून 2 लाख 90 हजार, त्यात नळ-शॉवर-काच यांचे जवळपास एक लाख. सॉफ्टनर वेगळा.

परत करायचं झालं तर? काळं करेन, पण चकचकीत नाही, मॅट, आणि तीही बेसिनमागची एकच भिंत. शॉवरच्या बाजूला जिथे रोज पाणी उडतं तिथे फिकट दगडी रंग. नळ ब्रश केलेल्या, म्हणजे बारीक रेघांच्या, कमी चमकणाऱ्या सोनेरी फिनिशचे, त्यावर थेंब आणि बोटांचे ठसे कमी दिसतात, माझ्या नणंदेकडे आहेत, ती पुसतसुद्धा नाही. तुमच्याकडे धरणाचं पाणी येत असेल तर बिनधास्त करा, मला तुमचा हेवा वाटेल. टँकर येत असेल तर आधी एक काळी टाइल सॅम्पल म्हणून आणा, आहे त्या बाथरूममध्ये शॉवरखाली उभी करून ठेवा आणि पंधरा दिवस तिला हात लावू नका.

पुढच्या महिन्यात कॉमन बाथरूमचं काम काढतोय. टाइल ऑर्डर केलीये, बेज. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त दोन नवीन वायपर घेऊन आल्या, एक या बाथरूमला आणि एक राखीव.